मी थांबतो, तू ये सावकाश

आम्ही नवराबायको सायकलवरून कोकणकिनाऱ्यानं तेरेखोलपर्यंत जाणार, ही बातमी फुटली आणि आमच्या सोसायटीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पेन्शन पुरत नसणार, म्हणून पेट्रोल वाचवताहेत. दुसऱ्याचं म्हणणं, सुनेशी काहीतरी बिनसलंय. तळमजल्यावरचे काका तेवढे ह्या दोन्हींच्या वर उठले. मला जिन्यात गाठून ते हळूच म्हणाले, "अहो, बायकोशी भांडायचंच असेल तर घरी पंख्याखाली भांडा की! त्यासाठी गुहागरला कशाला जायला हवं?"

मी ते हसण्यावारी नेलं. शिवाय माझ्या बाजूनं इतिहास होता. फॅनी बुलक वर्कमन नावाची अमेरिकन बाई आणि तिचा डॉक्टर नवरा ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सायकलवरून हिंदुस्थान पालथा घातला आणि 1904 साली त्यावर जोडीनं पुस्तक लिहिलं. एकूण मजल 14,000 मैल! इतकी मजल मारून वर एकत्र पुस्तक लिहिण्याइतके संबंध शिल्लक राहत असतील, तर आमच्या पाचशेएक किलोमीटरांनी काय होणार होतं?

नकाशात हा रस्ता फार गरीब दिसतो हो. डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला समुद्र, मधून आपण जायचं. समुद्रकाठ म्हणजे सपाट, अशी माझी चौपाटीवर वाढलेल्या माणसाची समजूत. पण कोकणचा किनारा हा किनारा नसून जिना आहे. सह्याद्रीतून आलेल्या नद्या त्याला जागोजाग कापतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा उंच उभा असतो. खाडीपर्यंत उतरायचं, सायकली बोटीत चढवायच्या आणि पलीकडे पाय टेकले की पुन्हा चढ. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. बोटीत बसून पाय जरा माणसांत येतात न येतात तोच पलीकडचा घाट "या, बसा" म्हणत समोर हजर.

पहिल्याच दिवशी मी हिला धीर दिला, "चढाचं काय घेऊन बसलीस? उतारावर सगळं फिटतं."

आमच्या हिनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. ती म्हणाली, "दहा किलोमीटर चढ ताशी 10 च्या वेगानं चढलात, तेवढाच उतार ताशी 30 नं उतरलात. सरासरी वेग किती?"

"वीस," मी बाणेदारपणे म्हणालो.

"पंधरा. चढाला साठ मिनिटं, उताराला वीस. 20 किलोमीटरला 80 मिनिटं. उतार लवकर संपतो हो, म्हणून चढाचं कधीच फिटत नाही."

ह्या वयात भर रस्त्यात बाकावर उभं राहण्याची पाळी आली. पण मी मनाला लावून घेतलं नाही. कारण गणितात ती पुढे असली तरी चढावर मी पुढे होतो. आणि पुढे असलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो. माझी पद्धत ठरून गेली होती. चढाच्या पायथ्याशी म्हणायचं, "तू ये सावकाश, मी वर थांबतो." मग वर जाऊन एखाद्या काजूच्या झाडाखाली सायकल टेकवायची, पाणी प्यायचं, समुद्राकडे बघायचं आणि आपण किती समजूतदार नवरे आहोत, ह्याचा निवांतपणे विचार करायचा. थोड्या वेळानं वळणावर ही दिसायची. लालबुंद चेहरा, पदराऐवजी आता ओढणी कमरेला खोचलेली. ती जवळ आली की मी उत्साहानं उठायचो. "आलीस? शाब्बास! चल, निघू या."

तीन दिवस असे सुखात गेले. माझे.

चौथ्या दिवशी हेदवीहून तवसाळकडे जाताना एका चढाच्या माथ्यावर मी नेहमीप्रमाणे "चल, निघू या" म्हणालो आणि ही खाली बसली. सायकल आडवी टाकून, रस्त्याच्या कडेला.

"सकाळपासून किती वेळा थांबलात माझ्यासाठी?"

"सहा," मी नम्रपणे सांगितलं. उपकार मोजायचे नसतात, पण विचारलंच कोणी तर आकडा तयार हवा.

"दर वेळी किती मिनिटं?"

"दहा धर."

"म्हणजे तुमची विश्रांती झाली एक तास. माझी किती?"

मी गप्प.

"मी आले की तुम्ही उठता. म्हणजे माझी शून्य. जो कमी दमला तो तासभर बसला, जो जास्त दमला तो बसलाच नाही. आणि थांबल्याबद्दल उपकार कोणावर? माझ्यावर!"

उत्तरादाखल मला पहिल्यांदा रागच आला. अहो, मग माणसानं करावं तरी काय? थांबू नये? की मुद्दाम रडतखडत चालवावी? तोही प्रयोग आम्ही तिथूनच केला. ही पुढे, मी मागे. चढावर फार हळू चालवलं की सायकलचं हॅण्डल चळायला लागतं, तसं माझं व्हायला लागलं. आणि हिला तर तो प्रकार जास्तच जाच वाटला. "पाठीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. घोटभर पाण्यासाठीही थांबायची चोरी." म्हणजे पुढे जाऊन थांबलो तरी मी दोषी आणि मागे राहिलो तरी गुन्हेगार. आता तुम्हीच सांगा!

तवसाळच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलो असताना मला धर्मराज आठवला. महाप्रस्थानाला पाचही भाऊ आणि द्रौपदी निघाले. वाटेत सगळ्यांत आधी द्रौपदी पडली. भीमानं विचारलं, ही का पडली? धर्मराजानं कारण सांगितलं, की हिचा अर्जुनाकडे ओढा जास्त होता, आणि मागे न बघता तो चालत राहिला. मग एकेक भाऊ पडला, त्या प्रत्येकाचंही कारण तयार होतं. आणि अखेर स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन आला, तेव्हा हा म्हणतो, सोबतच्या कुत्र्याला सोडून मी येणार नाही! मी हिला म्हटलं, "बघ, मी निदान थांबतो तरी. कारणं सांगत पुढे जात नाही."

ही म्हणाली, "तेही बरोबरच. पण ते कुत्रं शेवटपर्यंत सोबत का राहिलं? त्याला चालवत होतं म्हणून. जो चालू शकतो त्याच्यासाठी हट्ट धरणं सोपं असतं."

मग ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, अजून राग आहे. पण ती वेगळंच बोलली.

"मीसुद्धा वर्गात हेच केलं. फळ्यावर गणित घालायचं. हुशार मुलांचं झटकन व्हायचं, ती हात बांधून बसायची. मी शेवटच्या बाकासाठी थांबायचे. अगदी मनापासून थांबायचे हो. आणि शेवटच्या बाकावरच्या पोरानं कसंबसं उत्तर काढून मान वर केली, की म्हणायचे, 'झालं सगळ्यांचं? चला, पुढचं गणित!'"

ह्यावर मला काही बोलता येईना. कारण त्याच क्षणी मला आमचं जेवणाचं टेबल दिसायला लागलं होतं. शाळेतून येऊन ही स्वयंपाक करायची, आम्हाला गरम पोळ्या वाढायची, आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरवून स्वतःचं ताट घेऊन बसायची तेव्हा आमची ताकभाताची वेळ झालेली असायची. मग मी हात धुवायला उठता उठता अतिशय प्रेमानं म्हणायचो, "तू जेव सावकाश." तीस वर्षं! आणि पंगतीचा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगतीतून उठायचं नाही, हे मला आजोबांनी पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. फक्त त्या पंगतीला वाढणाऱ्या बायका पंगतीत नव्हत्या, एवढंच.

जयगडच्या धक्क्यावर उतरताना आम्ही एक कायदा केला. पुढे कोणीही जावं, आपापल्या वेगानं जावं, त्यात काही पाप नाही. पण विश्रांतीचं घड्याळ मागचा माणूस येऊन टेकल्यावर सुरू होईल, आणि "निघू या" हे दोन शब्द त्यानंच उच्चारायचे. कायदा एवढाच. त्यानं ना चढ कमी झाले, ना माझी सायकल जड झाली. गणपतीपुळ्याच्या पुढे आरे-वारेच्या चढावर मात्र हिनं माथ्यावर येऊन चांगली वीस मिनिटं बैठक मारली, समुद्र बघितला, पिशवीतली कोकमवडी चघळली आणि मग ऐटीत म्हणाली, "निघू या." इतकी वर्षं तो शब्द माझ्या मालकीचा होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेपर्यंत मुकाट्यानं बसणं हे मला घाट चढण्यापेक्षा अवघड गेलं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तेरेखोलला आम्ही एकत्र पोचलो. म्हणजे मी पाव तास आधी.

आता घरीही कायदा लागू केला आहे. माझं जेवण झालं तरी हिचं होईपर्यंत मी उठत नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं, मला गोड हवंय. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, पोटात दुखतंय का? तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बसायचंच असेल तर बसा, पण असे टक लावून बघू नका. घास उतरत नाही."

तेव्हा मी हल्ली खिडकीबाहेर बघत बसतो. समुद्र नाही, समोर काकांची बाल्कनीच आहे. पण थांबायचं कसं, ते हळूहळू जमतंय.