खिरीने राखलेला गहू

कृष्णाकाठच्या लग्नांत आणि गावजत्रांत खपलीची खीर अजून टिकून आहे. जतच्या बाजूला तिलाच हुग्गी म्हणतात. खपली ओलवून उखळात कांडायची, कोंडा पाखडायचा, दाणा मऊ होईपर्यंत शिजवायचा आणि मग गूळ, खोबरे, खसखस घालायची, असा तो खटाटोप असतो. या गव्हाची खोड अशी की मळणी झाली तरी दाणा फोलपटातून सुटत नाही. साधा गहू खळ्यावर मोकळा होतो, खपलीला वेगळे कांडावे लागते. आमच्या घरी उसाच्या मळ्याशेजारी खपलीसाठी एक तुकडा ठेवलेला असे. चपातीचा गहू वेगळा होता, भाकरीला शाळू होता. खपली पेरली जाई ती केवळ खिरीसाठी. एकरी उतार किती पडला हे त्या तुकड्याबाबत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पुढे शेतकीचे शिक्षण घेताना हाच गहू एका अनपेक्षित ठिकाणी भेटला. गव्हाच्या खोडावर येणाऱ्या काळ्या तांबेऱ्याच्या अनेक उपजाती असतात. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, फरक कळतो तो कोणत्या गव्हावर त्या चालतात आणि कोणत्यावर नाही यावरून. अमेरिकेतील मिनेसोटाचे स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये या ओळखपरेडीसाठी बारा गहू निश्चित केले. त्या बारांत ‘मार्क्विस’ होता, ‘कुबांका’ होता आणि ‘खपली’ही होती. त्यानंतर कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत तांबेऱ्याची परीक्षा घेताना कुंडीत खपली उगवत राहिली. बहुतेक उपजातींना ती दाद देत नसे.

या टणकपणाचे कारण पुढे उलगडत गेले. खपलीत तांबेऱ्याला अडवणारी जनुके आहेत. शास्त्रीय नोंदींत त्यांपैकी दोन एसआर-१३ आणि एसआर-१४ या नावांनी आहेत. ती चपातीच्या गव्हात नेणे सोपे नव्हते. खपलीची गुणसूत्रे २८, चपातीच्या गव्हाची ४२. दोघांच्या संकराला ३५ येतात आणि जोड्या नीट न जुळल्याने बहुतेक रोपे वांझ निघतात. तरीही ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस यांनी ‘स्टाइनवेडेल’ या तिकडच्या गव्हाशी खपलीचा संकर साधला आणि त्या वाणाला दोघांची नावे जोडून ‘खॅपस्टाइन’ म्हटले. १९९८ मध्ये युगांडात तांबेऱ्याची एक नवी, जहाल उपजात सापडली. यूजी-९९ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपजातीपुढे जगातल्या असंख्य वाणांनी हात टेकले. तिच्याविरुद्ध जी थोडी जनुके उपयोगी ठरली त्यांत एसआर-१३ होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ते नेमके वेगळे काढून त्याची रचना प्रसिद्ध केली. ते एकटे किल्ला लढवू शकत नाही, इतर जनुकांच्या सोबतीने लढते. पण तटबंदीतला तो एक चिरा आपल्या ओळखीच्या धान्यातही होता.

मला यात विचार करण्याजोगे वाटते ते हे, की कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने खपली तांबेऱ्यासाठी राखली नव्हती. तिच्यावर रोग कमी येतो हे त्याला दिसत असेल, पण तेवढ्यासाठी कोणी दुप्पट कांडणाचे काम गळ्यात घेत नाही. ती टिकली ती जिभेच्या हट्टामुळे, सणाच्या रिवाजामुळे. नव्या बुटक्या गव्हांनी शिवार व्यापले तेव्हा उत्पन्नाच्या कसोटीवर खपली केव्हाच बाद झाली असती. तिची कसोटी वेगळ्या ठिकाणी, चुलीपाशी लागत होती, आणि तिथे तिला स्पर्धक नव्हता.

उसाची हकिगत दुसऱ्या वाटेने याच ठिकाणी येते. फलटण तालुक्यात नीरेच्या जवळ पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा पुंड्या ऊस होता, जाड, रसाळ, गोड आणि नाजूक. त्याची जागा को ४१९ ने घेतली, पुढे को ७४० ने, आणि १९९६ मध्ये शिफारस झालेला को ८६०३२ तर इतका पसरला की अनेक गावांत ऊस म्हणजे तोच. नावातला ‘को’ कोइमतूरचा. तिथल्या ऊस पैदास केंद्रात १९१२ पासून बार्बर आणि नंतर वेंकटरामन यांनी जे केले, त्याशिवाय सांगली-साताऱ्याची साखर कारखानदारी आजच्या रूपात उभीच राहिली नसती.

जाड उसाचे मूळ घर न्यू गिनी. त्यात साखर भरपूर, पण रोग, थंडी, पाण्याचा ताण यांपुढे तो टिकत नाही. त्याचा रानटी भाऊबंद आपल्या नद्यांच्या पात्रात उगवतो. पावसाळा सरता सरता ज्याचे पांढरे तुरे वाळूवर डोलतात ते कास गवत. काडी बोटापेक्षा बारीक, साखर नावापुरती, पण चिवटपणा विलक्षण. कोइमतूरला ‘वेल्लै’ या जाड उसाचा तिथल्याच कासाशी संकर करून को २०५ हा वाण तयार झाला आणि १९१८ मध्ये उत्तर भारतासाठी बाहेर पडला.

या संकराचे गणित नेहमीच्या आनुवंशिकीला चकवणारे आहे. सामान्यतः आई आणि बाप अपत्याला आपापली निम्मी गुणसूत्रे देतात. जाड उसाची गुणसूत्रे ८०, कोइमतूरच्या कासाची ६४. म्हणजे अपत्याला ४० आणि ३२, एकूण ७२ यायला हवीत. को २०५ ला आहेत ११२. आईने आपली ८० च्या ८० दिली, रानटी बापाने निम्मी. जावामध्ये काम करणाऱ्या ब्रेमर यांनी अशा संकरांतला हा प्रकार १९२० च्या दशकात दाखवून दिला. पैदासकारांना हे पथ्यावर पडले, कारण गोडी फारशी न गमावता चिवटपणा आत आला. पुढच्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा जाड उसाशी संकर करून रानटीपणा आणखी पातळ केला. आजच्या उसाच्या पेशीत शंभर ते एकशे तीस गुणसूत्रे असतात आणि त्यांतली साधारण दहा ते वीस टक्के कासाकडची. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा आपण गृहीत धरतो, पण त्या फुटण्याच्या ताकदीत या गवताचा वाटा मोठा आहे. ही सारी गुंतागुंत इतकी की भाताचा आणि ज्वारीचा जनुकसंच वाचून कितीतरी वर्षे लोटली तरी लागवडीतल्या उसाचा पूर्ण संच प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडले.

कास कोणी राखले? कोणीच नाही. शेतात आले तर ते तण; मुळ्या खोल, उपटता उपटत नाही. ते राहिले कारण नदीच्या पात्रात नांगर चालत नव्हता. २०१९ च्या महापुरात पलूस-मिरजेकडचे उसाचे फड शेंड्यापर्यंत बुडाले आणि जागेवर कुजले. अशाच पुराने आडवे पाडलेले कास पाणी ओसरल्यावर कंदांतून परत फुटते. खपलीला खिरीने सांभाळले तसे कासाला पुराने. दोन्ही ठिकाणी राखणारा एक आणि लाभ दुसऱ्याला, आणि राखणाऱ्याला त्या लाभाचा पत्ता नाही.

म्हणूनच मला आजची काळजी वाटते. उपयोग पाहून जपायचे ठरवले तर आपण काय जपू? आज जे उपयोगी दिसते तेच. आणि उपयोगी दिसणाऱ्याची शिवारात कधी वानवा नसते, उलट तेच ते सगळीकडे असते, आणि त्यात धोका असतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वरच्या बाजूला काजळी. या फडातून त्या फडात तो सरकत गेला, वाटेत अडवायला वेगळे पीक क्वचितच होते. शेवटी त्याला आवरले ते औषधांपेक्षा कोनोबाथ्रासारख्या मित्रकिडींनी. त्यांच्या अळ्या असलेली पाने शेतकरी एकमेकांच्या फडात नेऊन ठेवत. नको असलेल्या जीवांत हवा असलेला जीव निघतो, हा धडा तेव्हा गावोगाव गिरवला गेला, पण तो किडींपुरताच राहिला.

पुढची गरज दारात उभी आहे. वाळवा, मिरज, पलूस भागात जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाडेगावचा फुले २६५ अशा जमिनीत बरा तग धरतो, म्हणून शेतकरी त्याला पसंती देतात. कारखान्यांचे लक्ष साखरेच्या उताऱ्यावर. टनाला आणि उताऱ्याला एकाच वेळी खूश करणारा, खारी जमीन आणि बदलता पाऊस सोसणारा वाण हवा असेल तर पैदासकाराला पुन्हा रानटी भाऊबंदांकडे जावे लागेल. उसाच्या जातींच्या आणि त्यांच्या रानटी नातलगांच्या जगातल्या दोन प्रमुख संग्रहांपैकी एक केरळात कन्नूरला आहे, ही आपली पुण्याई. पण संग्रहातले रोप जसे आणले तसे राहते. नदीतले कास दर वर्षी नव्या पुराला, नव्या किडीला, कारखान्याच्या मळीमिश्रित पाण्यालाही तोंड देत बदलत असते. दोन्ही हवेत. वाळूउपशाने पात्रे खरवडली जातात तेव्हा हा दुसरा संग्रह कोणत्याही नोंदीविना कमी होतो.

खपलीचे दिवस पालटले आहेत, तेही सरळ आनंदाने पाहता येत नाही. मधुमेहींसाठी चांगली म्हणून शहरांत तिला मोठा भाव आला. पुण्याच्या आघारकर संस्थेने आणि धारवाडच्या विद्यापीठाने कमी उंचीचे, न लोळणारे वाण दिले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे चांगलेच झाले. पण बाजाराला एकसारखा दाणा लागतो. खिरीच्या काळात दर घराचे बियाणे थोडे वेगळे होते, आता पिशवीतले एकच. म्हणजे खपली वाचते आहे आणि खपलीतले वैविध्य जाते आहे, आणि दोन्ही एकाच मागणीमुळे.

आमच्या बियाण्यावर जगाने हात मारला, असा सूर मात्र मला लावायचा नाही. आपल्या उसात न्यू गिनीची गोडी आहे, आपल्या बुटक्या गव्हात मेक्सिकोमार्गे आलेली जपानी उंची आहे. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले. प्रश्न राखणीच्या खर्चाचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात स्थानिक वाण आणि पिकांचे रानटी नातलग जपणाऱ्या शेतकऱ्याला जनुक निधीतून बक्षीस देण्याची तरतूद आहे. परंतु बक्षीस मोजक्यांना मिळते, राखण मात्र हजारो बांधांवर व्हावी लागते. ज्या तालुक्यात गाळपाचे टन मोजले जातात तिथल्या कारखान्यांच्या ऊसविकास विभागांनी नदीकाठचा थोडा पट्टा कासासाठी सोडवून घ्यावा, जुन्या घरगुती खपलीचे चार गुंठे पेरणाऱ्याला उत्पन्नातली तूट भरून द्यावी, असे मला वाटते. त्या चार गुंठ्यांचा उपयोग काय, असे संचालक मंडळात कोणी विचारेलच. आज तरी त्याला ठोस उत्तर देता येणार नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचे ठरले तर तोवर पेरायला बियाणे उरलेले नसेल.