पडद्यावरचे भय कोणाचे?

इंग्लंडमधल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीज विषयात ए लेव्हलच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे एक ठरलेले काम असे. एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवातीचा भाग तयार करायचा, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. पुढच्या वर्षीच्या कामाचे मूल्यमापन करताना त्यांना एक प्रश्न सोडवावा लागे: प्रेक्षकांच्या अभिप्रायातून तुम्ही काय शिकलात? अशा कामासाठी मुले थरारपटाकडे वळतात यात नवल नाही. त्याला मोठा सेट लागत नाही. रिकामा कॉरिडॉर, एक दार, डोक्यावर हूड ओढलेला वर्गमित्र आणि मागून येणारा बुटांचा आवाज एवढ्यावर काम सुरू होते. पण या गृहपाठात एक अवघड तात्त्विक प्रश्न आहे. मुले जे बनवायला निघाली आहेत ते भय, आणि ते भय कोणाचे? पटकथा लिहिणाऱ्याला दारामागे कोण आहे हे ठाऊक आहे, त्यामुळे तो भीत नाही. हूडवाला शॉट संपताच डबा उघडणार आहे. बघणाऱ्याला कळते की हा आपल्याच वयाचा कुणी मुलगा आहे आणि त्याच्या हातातली सुरी खोटी आहे. तिघांपैकी एकालाही धोका नाही, तरी अंधारलेल्या वर्गात बघणाऱ्याचा श्वास अडकतो. माझे म्हणणे असे की हे भय कोणाचेच नसते, आणि जोवर ते कोणाचेच नसते तोवरच त्याची कला होते. त्याला मालक सापडला की ते त्रास होते, नाहीतर फसवणूक.

हा विचार माझा नवा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना भयानक रसासाठी उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या हरणाचे. दुष्यंताचा रथ पाठीमागे लागला आहे, हरिण मान वळवून पुन:पुन्हा मागे बघते आहे, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. अभिनवगुप्त विचारतो की इथे भ्याले कोण. हे हरिण कोणा एका रानातले, अमक्या दिवशीचे हरिण नव्हे. त्याला भिववणारा राजाही खराखुरा नाही. म्हणून स्थळकाळ गळून पडतात आणि नुसते भय उरते. मी भ्यालो, तो भ्याला, हा माझा शत्रू, तो माझा मित्र, असल्या कुठल्याही जाणिवेत लगेच काहीतरी करण्याची घाई असते: पळावे, वाचवावे, सूड घ्यावा. ती घाई नसलेले भयच चाखता येते. सिनेमाचा कॅमेरा त्याने पाहिला नव्हता. तरीही आज थरारपट करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून नेमके मार्गदर्शन मिळणे कठीण आहे, कारण योजना, चित्रीकरण आणि अभिप्राय या तिन्ही टप्प्यांवर त्याला हेच करायचे असते. भयाचा मालक काढून टाकायचा असतो.

योजनेच्या टप्प्यावर हा मालक म्हणजे विद्यार्थी स्वतः. त्याला लिफ्टची भीती वाटते म्हणून तो लिफ्टवर फिल्म लिहितो आणि गृहीत धरतो की लिफ्ट दाखवली की लोक घाबरतील. लोक घाबरत नाहीत, कारण त्याची आठवण त्यांच्याजवळ नाही. भरताने भयाची कारणे सांगितली ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत: विचित्र आवाज, भुतांचे दर्शन, घुबडे आणि कोल्हे, ओसाड घर, अरण्य. त्यांत कोणाचे चरित्र नाही. पोलंडमधल्या वूच इथल्या फिल्म स्कूलमध्ये शिकत असताना रोमान पोलान्स्कीने 1957च्या सुमारास ‘मर्डर’ नावाने ओळखली जाणारी एक फिल्म केली. ती पुरती दोन मिनिटांचीही नाही आणि तिच्यात संवाद नाहीत. दार उघडते, कोट घातलेला एक माणूस खोलीत येतो, पलंगावर कोणी झोपलेले असते. आलेला माणूस खिशातला चाकू काढतो, झोपलेल्याच्या छातीत खुपसतो आणि निघून जातो. मारणारा कोण, मेलेला कोण, वैर कशाचे, काही कळत नाही, आणि कळण्याची गरजही भासत नाही. झोपलेल्या माणसाला राखण नसते हे कुणालाही समजते. ओसीआरच्या दोन मिनिटांत सूड, खंडणी, जुळे भाऊ आणि कोमात गेलेली आई कोंबू पाहणाऱ्या मुलांनी स्टोरीबोर्ड काढण्यापूर्वी ही फिल्म एकदा शांतपणे बघावी. यावर कोणी म्हणेल की सगळ्यांच्या ओळखीची कारणे वापरायची तर सगळ्यांच्या फिल्म सारख्याच होतील. होतात खऱ्या, पण त्याचे कारण भय सामायिक असणे हे नाही. दहा जणांनी वापरलेला तोच हूड अकराव्याने उचलला की बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, उसनवारी दिसते. भय सर्वांचे असावे; ते ज्या वस्तूतून येते ती मात्र नीट डोळे उघडे ठेवून स्वतः हेरलेली असावी.

चित्रीकरणात प्रश्न जास्त कठीण होतो. तिथे हाडामांसाची माणसे असतात, आणि त्यांचे खरे भय कॅमेऱ्यात पकडण्याचा मोह फार मोठा असतो. त्याच फिल्म स्कूलमध्ये त्याच सुमारास पोलान्स्कीने ‘पार्टी उधळू या’ अशा अर्थाच्या नावाची आणखी एक फिल्म केली. विद्यार्थ्यांचा नाचगाण्याचा कार्यक्रम ठरवला आणि त्यांना न सांगता गुंडांच्या टोळक्याला तो उधळायला बोलावले. हाणामारी झाली, ती चित्रित झाली, आणि पोलान्स्कीवर शाळेतून काढले जाण्याची वेळ आली. अनेक सिनेमावेड्यांना हा किस्सा धाडसाचा वाटतो. मला तो कलेच्या दृष्टीनेही पराभवच वाटतो. ‘मर्डर’मध्ये कोणालाही ओरखडा न काढता जे साधले, तेच इथे माणसांना इजा करून मिळवायचा प्रयत्न झाला. पडद्यावर जी भ्यालेली तोंडे दिसतात ती त्या मुलांची स्वतःची आहेत; त्यांच्या संमतीशिवाय घेतलेली आहेत. ही गोष्ट कळल्यावर त्यांच्याकडे रसिक म्हणून बघणे अशक्य होते. आपण साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला स्वस्थ बसून चाखण्याचा हक्क नसतो. वर्दळीच्या रस्त्यावर, पोलिसांना न कळवता, खेळण्यातले पिस्तूल घेऊन शॉट घेणारी मुलेही हेच करतात. समोरून येणाऱ्या बाईने त्यांच्या फिल्मचे तिकीट काढलेले नसते.

याविरुद्ध सर्वांत बळकट दाखला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा दिला जाईल, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. फ्लोरिडातल्या विद्यापीठात सिनेमा शिकलेल्या डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी 1997 साली मेरीलँडच्या जंगलात तीन नटांच्याच हाती कॅमेरे देऊन तो चित्रित केला. रात्री तंबूबाहेर अचानक आवाज करून त्यांना दचकवले, खाणे दिवसेंदिवस कमी केले. 1999 साली तो प्रदर्शित झाला आणि जगभर लोक घाबरले. मग खऱ्या भयातून कला झाली नाही का? माझ्या मते नाही. एक तर ही माणसे नट म्हणून, काम समजून जंगलात गेली होती. दुसरे, त्या चित्रपटात प्रेक्षकाला जे भिववते ते नटांच्या पोटातले भय नव्हे. न दाखवलेली चेटकीण भिववते, काटक्यांच्या बाहुल्या भिववतात, आणि शेवटी तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस भिववतो. ही सगळी योजना आहे. त्या चित्रपटाने जिथे खरोखर मालक शोधला ती जागा वेगळी. नटांची खरी नावे पात्रांना दिली आणि जाहिरातीत ते बेपत्ता असल्याचे भासवले. परिणाम असा की नायिकेच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. त्या पत्रांतले दुःख रसाचे नव्हते. एका नावाच्या, एका पत्त्यावरच्या माणसासाठी केलेला तो शोक होता, आणि तो खोट्या बातमीवर उभा होता. चित्रपटाची ताकद मी नाकारत नाही. पण ज्या भागात भय खऱ्या माणसाच्या नावावर चढवले गेले, तो भाग कलेतून निसटून अफवेत गेला.

कोणी म्हणेल, हे फार सोवळे झाले. भय ही शरीराची प्रतिक्रिया आहे. मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, तिथे संमती कसली आणि साधारणीकरण, म्हणजे भयाचा मालक गळून पडणे, कसले? दचकणे शरीराचे असते हे मान्य. पण त्याची किंमत काय पडते ते ‘जॉज’च्या इतिहासात दिसते. 1975 साली पूर्वप्रदर्शनांना उत्तम प्रतिसाद मिळत असतानाही स्टीव्हन स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवी होती. संकलक व्हर्ना फील्ड्सच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावे म्हणून दुधाची पावडर टाकून, त्याने फुटक्या होडीच्या भोकातून अचानक बाहेर येणारे प्रेताचे डोके चित्रित केले. किंकाळी मिळाली. पण पुढे शार्क पहिल्यांदा पाण्याबाहेर डोके काढतो तिथली किंकाळी पूर्वीपेक्षा बरीच घटली, असे स्पीलबर्गनेच सांगितले आहे. एकदा असे चकवल्यावर प्रेक्षक दिग्दर्शकापासून सावध झाले होते. म्हणजे दचकवणाऱ्याने प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या शरीराची आठवण करून दिली, आणि त्यानंतर तो पाण्यावर कमी आणि स्वतःला सांभाळण्यावर जास्त लक्ष देऊ लागला. विद्यार्थ्याच्या दोन मिनिटांत असा धक्का एकही नसला तरी चालेल. दोन असले तर दुसरा वाया गेलाच.

अभिप्राय या टप्प्याविषयी भरत इतका सविस्तर बोलतो की आश्चर्य वाटते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चिन्हे दिली आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, हळहळतात, अंगावर रोमांच उभे राहतात, आसनावरून उठतात, वस्त्रे देऊन टाकतात. दैवी सिद्धीत सभागृह भरलेले असते आणि तरी आवाज नसतो, चुळबूळ नसते. घातही सांगितले आहेत; प्रतिस्पर्धी मंडळी शेण आणि मुंग्या फेकतात इथपर्यंत. यातली बहुतेक चिन्हे प्रेक्षकाच्या मताची नाहीत, प्रयोग चालू असतानाच्या त्याच्या अवस्थेची आहेत. विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर मात्र पाचपैकी किती गुण द्याल, आवडले का, काय बदलाल, असे विचारतात. यात अवस्था हरवते आणि मत उरते, आणि मताला मालक असतो. 1987च्या ‘फेटल अट्रॅक्शन’च्या मूळ शेवटात नायकाच्या मागे लागलेली अ‍ॅलेक्स आत्महत्या करते आणि सुरीवरच्या ठशांमुळे संशय नायकावर येतो. चाचणी-प्रेक्षकांना तो रुचला नाही. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा विरोध असूनही नवा शेवट चित्रित झाला, त्यात नायकाची बायको अ‍ॅलेक्सला गोळी घालते. चित्रपट धो-धो चालला. पण त्या प्रेक्षकांनी जे सांगितले ते भयाविषयी नव्हते. त्या बाईला शिक्षा झालेली बघायची होती, हा त्यांचा स्वतःचा राग होता. त्याउलट हिचकॉकच्या ‘सॅबोटाज’मध्ये (1936) एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनभर फिरतो आणि बसमध्ये स्फोट होऊन मरतो. तिथे प्रेक्षक चिडले, आणि पुढे हिचकॉकने ती चूक मानली. तो राग ऐकण्यासारखा होता, कारण त्यात तक्रार अशी होती की इतका वेळ आपण मिळून धरलेले भय दिग्दर्शकाने एकट्याच्या मर्जीने मोडले.

तेव्हा विचारायचे काय? अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि उत्तम प्रश्नावली त्यांतून निघते. कुठे विश्वास बसला नाही? कुठे नीट दिसले वा ऐकू आले नाही? कुठे मुख्य गोष्ट सोडून भलतीकडे लक्ष गेले? सातवे विघ्न संशयाचे, आणि इथे थरारपटाचा चाहता थांबवेल: संशय काढला तर थरारपटात उरते काय? पण अभिनवगुप्ताचा संशय वेगळा आहे. अश्रू आनंदाने येतात आणि डोळे दुखत असले तरी येतात. वाघ बघून भीती वाटेल तसा क्रोधही येईल. काय वाटायला हवे हेच कळत नसेल तर रस अडतो. काय घडेल हे न कळण्याला त्याची हरकत नाही. श्रीराम राघवनच्या, पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’च्या शेवटी युरोपातल्या रस्त्यावर काठीने उडवलेला डबा बघून, आंधळा म्हणवणाऱ्या नायकाला दिसते की नाही यावर लोक अजून भांडतात. त्या क्षणी अंगावर काटा आला याबद्दल कोणाचे दुमत नसते.

अभिप्राय मित्रांकडून घेऊ नये हेही यातूनच येते. त्यांना पडद्यावर मारेकरी दिसत नाही, बाकावर शेजारी बसणारा दिसतो. दुसऱ्या शाळेतल्या, नटांना न ओळखणाऱ्या मुलांना बोलवावे आणि फिल्म चालू असताना पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघावे: कोण चुळबुळतो, कोण फोन काढतो, कुठे सगळे एकदम स्थिर होतात. आणि एखादीने सांगितले की हा प्रसंग माझ्यावर खरोखर गुदरला आहे, मला तो बघवला नाही, तर त्याला कौतुक समजू नये. तिच्यापुरते ते भय तिचे स्वतःचे झाले. अभिनवगुप्त याला विघ्नच म्हणतो. दिग्दर्शक ते दूर करू शकत नाही, पण सुरुवातीला एका ओळीत पूर्वसूचना देऊ शकतो. पूर्वसूचनेने थरार जातो अशी ओरड होते. ती मला पटत नाही. पाठलाग आहे हे आधी कळल्याने पाठलागाची धडधड कमी होत नाही. थरारपट लावणाऱ्याला तेवढे ठाऊकच असते आणि तो त्यासाठीच येऊन बसतो. ज्या फिल्मचा सगळा जोर एका ओळीच्या सूचनेने निघून जातो, तिच्या योजनेवरच पुन्हा काम करायला हवे.