साथीदाराची कारकीर्द

मँचेस्टरचा गिटारवादक जॉनी मार १९८२ मध्ये ‘द स्मिथ्स’ या बँडमधून पुढे आला. १९८७ मध्ये तो बाहेर पडला आणि नंतर ‘द द’, ‘इलेक्ट्रॉनिक’, ‘मॉडेस्ट माऊस’, ‘द क्रिब्ज’ अशा वेगवेगळ्या बँडमध्ये वाजवत राहिला. मुख्य गायक बहुतेक वेळा दुसराच असे. तरीही हा सारा प्रवास तिकडचे रसिक मारची स्वतःची कारकीर्द म्हणून मोजतात. बनारसच्या कबीरचौऱ्यातले तबलावादक याहून कितीतरी अधिक जणांबरोबर वाजवत आले. त्यांची कारकीर्द आपण गायक-सतारियांच्या चरित्रांत एकेका ओळीने विखरून टाकली आहे, आणि हा अन्याय आहे असं मला वाटतं.

त्यांतलेच एक पंडित सामताप्रसाद, म्हणजेच गुदई महाराज, १९२१ साली जन्मले. वडील बाचा मिश्र लवकर गेले, पुढची तालीम बिक्कू महाराजांकडे झाली. १९४२ च्या अलाहाबादच्या संगीत संमेलनानंतर त्यांचं नाव देशभर झालं. ख्याल, सतार, कथक, सगळ्यांना त्यांचा तबला हवा असे. ‘मेरी सूरत तेरी आँखें’ (१९६३) मधल्या रफींच्या ‘नाचे मन मोरा’ला त्यांची साथ आहे. ‘शोले’त (१९७५) बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, तो पाठलाग त्यांच्याच तबल्यावर उभा आहे. संगीतकार राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे तबला शिकलेले. कितीजणांनी तो प्रसंग पाहिला असेल, आणि त्यातल्या कितीजणांना हे नाव ठाऊक असेल!

इतक्या प्रकारच्या साथीला पुरून उरेल असा बाज बनारसनेच का घडवला, याचं उत्तर त्या शहरात आहे. बनारस घराण्याचे मूळपुरुष राम सहाय लखनौला मोदू खाँकडे शिकून परतले. बनारसमध्ये धृपद होतं, कथक होतं, ठुमरी होती. म्हणून या बाजात पखवाजाचे खुले, घुमणारे बोल आले आणि डग्ग्याची मींडही आली. ठुमरीतच पाहा. गायिका दीपचंदीत एकच शब्द दहा तऱ्हांनी फुलवत असते, तेव्हा तबलावादक चौदा मात्रांचा ठेका धरून जवळजवळ अदृश्य असतो. मग ती मुखड्यावर येते आणि तबला उसळून केरव्याच्या अंगाने लग्गी धरतो. आता गायिका मुखडा घोळवत राहते, बोलतो तो तबला. शेवटी तिहाई घेऊन तो समेवर येतो, मूळ ठेका पुन्हा सुरू होतो. या चार-दोन आवर्तनांत कोण कोणाची साथ करतंय?

साथीदाराने मागे राहावं, तोच त्याचा धर्म, असं म्हणणारे जाणकार आहेत. बैठकीपुरतं ते खरंही आहे. आडवं वाजवणारा तबलावादक गाणं मारतो. पण बैठकीत मागे राहणं ही त्याने पाळलेली शिस्त आहे, इतिहासात मागे ठेवणं हा आपला निष्काळजीपणा. याच घराण्याचे तबलावादक पंडित किशन महाराज यांना २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं, सामताप्रसादांना १९९१ मध्ये पद्मभूषण. सन्मान झाले. मात्र कोणत्या गायकाबरोबर त्यांचा ठेका किती भरीव होता, नर्तकाबरोबर हात कसा मोकळा सुटे, सतारीच्या जोडीला डग्गा किती दबता ठेवत, याचा नीट अभ्यास मराठीत तरी मी वाचलेला नाही. आपल्याकडे तबल्यावर लिहिणारे बहुतेक स्वतंत्र वादनावर लिहितात: कायदे, गती, चक्रदार. आयुष्याचा मोठा भाग ज्यात गेला ती साथ बाजूलाच राहते.

सामताप्रसाद १९९४ च्या मे महिन्यात वारले ते पुण्यात, कार्यशाळेसाठी आले असताना. त्यांच्याकडून शिकलेले, त्यांना समोर बसून ऐकलेले लोक आजही आपल्यात आहेत. त्यांनी लिहावं, निदान बोलून ध्वनिमुद्रित करावं. आणि जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध करणाऱ्यांनी गायकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात, तबलावादकाचं नाव छापावं.