पाठवणारा आणि पाठवलेला

ख्रिस्ती धर्मग्रंथातील देव माणसाला हाक मारतो आणि पाठवतो. पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून अब्राहामाला तो देश सोडायला लावतो. योनाला शत्रूच्या निनवे नगरीकडे धाडतो आणि ती नगरी वाचल्यावर रुसून बसलेल्या योनाची समजूतही काढतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो की, पित्याने त्याला जसे पाठवले तसेच तो त्यांना पाठवीत आहे. १९५२ मध्ये जर्मनीतील विलिंगेन येथे भरलेल्या मिशनरी परिषदेपासून हा विचार नव्या आग्रहाने मांडला जाऊ लागला : प्रेषणाचे कार्य मुळात देवाचे आहे, चर्च त्या कार्याचे साधन आहे, स्वामी नव्हे. हे खरे मानले, तर त्या कार्याचे फळ मोजण्याचा अधिकार पाठवलेल्याला उरतो काय?

हा प्रश्न तंजावरच्या मराठी राज्यात फार पूर्वीच उभा राहिला होता. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन धर्मोपदेशक १७५० मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. पुढे तो तंजावरात स्थायिक झाला. तमिळबरोबर त्याने दरबाराची मराठीही आत्मसात केली. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाजी राजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला त्याच्या हाती सोपवले. अमरसिंहाच्या कारकिर्दीत मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झच्या खटपटीने त्याला मद्रासला हलवून शिकवण्यात आले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा मराठी इतिहास कोरविला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, काशीयात्रा केली. त्यांनीच आपल्या गुरूसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरील धर्मगुरूजवळ उभा असलेला राजा त्यात दिसतो.

बाप्तिस्म्यांची गणती करणाऱ्याला हे अपयशच वाटेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याच्या आज्ञेने होतो, आणि श्वार्ट्झने ती आज्ञा कधी सैल मानली नव्हती. परंतु ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला श्रद्धा म्हणता येत नाही. शिष्याने गुरूचा धर्म स्वीकारला नाही आणि गुरूला पित्याच्या ठिकाणी मानणे सोडले नाही; या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकल्या, हे त्या शिक्षणाचे मोठे फळ होय.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. १७७९ मध्ये हाच श्वार्ट्झ ईस्ट इंडिया कंपनीचा दूत म्हणून हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला गेला होता. सरफोजींच्या वारसाहक्कासाठी त्याने कंपनीकडेच रदबदली केली. गादी मिळाली, पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. ज्याला दोघांनी पाठवले आहे, त्याचा कोणता शब्द कोणाचा, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? श्वार्ट्झच्या निःस्पृहतेबद्दल शंका घेता येत नाही. पण केवळ निःस्पृहतेने हा पेच सुटत नाही.

तंजावरपासून जवळच, कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. सरफोजींचे समकालीन त्यागराज तेथे राहत. राजदरबाराचे आमंत्रण आणि धन त्यांनी नाकारले, अशी परंपरा सांगते. 'निधि चाल सुखमा' ही त्यांची रचना त्या प्रसंगाशी जोडली जाते. त्यांनी उंछवृत्तीने निर्वाह केला आणि रामापलीकडे दुसरा धनी मानला नाही. त्यांना कोणाचे मन वळवायचे नव्हते, हा भेद लहान नाही. तरी भक्ताचा धनी एकच असावा, ही कसोटी प्रेषितालाही चुकत नाही.

श्वार्ट्झचा दुसरा शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री, याच्या आयुष्यात हा गुंता आणखी वाढला. नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी चर्चमधील जातिभेद मोडण्याचा आग्रह धरला. वेदनायगमने जुन्या रीतींची बाजू घेतली आणि १८२९ मध्ये त्याला मिशनची नोकरी गमवावी लागली. त्याला आश्रय दिला तो सरफोजी राजांनी. समतेच्या तत्त्वात मिशनरी बरोबर होते, कवी चुकत होता. तरीही दार बंद झालेल्या ख्रिस्ती कवीला निवारा मिळाला तो हिंदू राजाच्या घरी.

शास्त्रवचनाकडे परत पाहिले, तर यात फारसे नवल नाही. यशयाच्या ग्रंथात देव बंदिवान इस्राएलच्या सुटकेसाठी कोरेश या परधर्मी राजाला निवडतो, आणि तो राजा त्या देवाला ओळखतही नाही. प्रेषण देवाचे असेल, तर तो कोणाच्या हातून काम करून घेईल, याची यादी चर्चला आधी ठरविता येणार नाही. पाठवलेल्याने आपला निरोप निष्ठेने सांगावा आणि ऐकणाऱ्याचे उत्तर स्वतंत्र राहू द्यावे. ते उत्तर आपल्या मनासारखे नसले, तरी त्या माणसाचा हात सोडू नये. श्वार्ट्झच्या हातून एवढे तरी घडले.