उद्यापन नसलेलं व्रत

गीतेच्या अठराव्या अध्यायावर निरूपण करणाऱ्या माणसाने अर्धवट खोललेली गाडी दारात ठेवू नये. आमच्या घरामागच्या देवळात एकादशीला माझं कीर्तन असतं आणि देवळातून बाहेर पडायची वाट माझ्या शेडवरून जाते. लोक पूर्वरंग ऐकतात, बुक्का लावून घेतात आणि जाताना शेडकडे मान वळवून विचारतात, "बुवा, ह्याचं काय करणार?" प्रश्न गाडीचा असतो, रोख निरूपणावर असतो. आसक्ती सोडा म्हणून तासभर सांगणाऱ्याची पद्मिनी विटांवर उभी आहे, आणि बुवा महिनोन् महिने तिकडे फिरकत नाहीत.

थकल्यावर काम सोडणं कमीपणाचं आणि रेटणं मोठेपणाचं, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. मला ते पटत नाही. गीतेलाही पटत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी गाडीबद्दल. १९८५ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे; त्यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाट अकराशेच्या घराण्यातली ही गाडी तयार व्हायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. आमची पिढी तिला फियाटच म्हणते, पद्मिनी हे नाव कागदोपत्री. मी ती मुंबईहून आणली. मुंबईची गाडी म्हणजे खारा वारा आणि चार महिने पाऊस खाल्लेला पत्रा, हे कोल्हापुरात उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री झोपेत सांगेल. मलाही ठाऊक होतं. म्हणूनच ती माझ्या ऐपतीत आली.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं की काळं डांबर दिसतं. वरून अगदी अखंड. स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत पुढे सरकायचं. जिथवर टणटण वाजतं तिथवर पत्रा. जिथे आवाज बसतो तिथून पुढे नुसतं डांबर, त्याखाली कुणीतरी भरलेली लांबी, आणि त्याखाली गंजाचे पापुद्रे. टोक टेकवलं की आरपार जातं आणि शेडची फरशी दिसते. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा लावू म्हटलं तर कडेचा पत्रा वेल्डिंगची आच सोसत नाही, वितळतो, भोक मोठं होतं. मग चांगला पत्रा लागेपर्यंत अजून मागे कापायचं. ह्या गाडीला वेगळी चासी नाही, खालचा पत्रा हाच तिचा कणा, त्यामुळे तिथे हयगय चालत नाही. तळहाताएवढं भोक बुजवायला बसलेला माणूस संध्याकाळी परातीएवढं भोक करून उठतो, आणि तरीही त्या दिवसाचं काम बरोबर झालेलं असतं.

शीण येतो तो ह्या हिशेबाने. मेहनतीचा नव्हे. कीर्तनात मी दोन तास उभा असतो, त्याने मी थकत नाही. इथे मात्र काम पुढे सरकतं आणि शेवट मागे सरकतो. मग एके दिवशी पान्हा हातात घेतला तरी हात उठत नाही. पतंजलींनी योगातल्या अडथळ्यांची यादी करताना 'स्त्यान' आणि 'आलस्य' वेगवेगळे मोजलेत ते उगाच नाही. आळशाचं अंग जड असतं. स्त्यानात अंगाला काही झालेलं नसतं, चित्तच कामाला जुंपून घेत नाही. त्याच दिवशी मी अख्खी बाग खणून काढीन, फक्त शेडमध्ये जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या मांडली, ती नोकरीधंद्यातल्या ताणापुरतीच. हौसेचा शीण त्यात धरलेला नाही. बरोबरच आहे म्हणा. हौसेने थकलेल्याला रजा कोण देणार, त्याला कामाला कुणी लावलं होतं?

अशा वेळी भेटणारे शहाणे लोक कर्मयोग सांगतात, आणि मी कीर्तनकार असल्यामुळे माझंच वाक्य मला परत करतात. फळाकडे बघू नका बुवा, करत राहा. ऐकायला छान आहे. पण ब्रेकच्या सिलिंडरवर काम करताना फळाकडे बघू नका म्हणजे काय करू? पॅडल दाबल्यावर गाडी थांबायला हवी, हे फळच आहे, आणि त्याच्याकडे डोळे लावूनच ते काम करावं लागतं.

फळावर खरोखर पाणी सोडलेला एक माणूस मला माहीत आहे. मिसरच्या वाळवंटात चौथ्या शतकात ख्रिस्ती तापस राहत. दुपारच्या प्रहरी येणाऱ्या एका भुताचं वर्णन त्यांच्यातल्या इवाग्रियसने करून ठेवलं आहे. ते आलं की सूर्य हलत नाहीसा वाटतो, साधू सारखा बाहेर बघतो, कुणी येतंय का, आणि मग त्याला ही जागा, हे जिणं, हातातलं काम, सगळंच नकोसं होतं. माझ्या शेडमधली दुपार ह्या माणसाने सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. त्याच परंपरेतल्या कॅसियनने पॉल नावाच्या एका साधूची गोष्ट सांगितली आहे, आणि मी म्हणतो तो माणूस हाच. हा पॉल वस्तीपासून इतक्या लांब राहायचा की माल बाजारात नेण्याचं भाडंच मालाच्या किमतीपेक्षा जास्त झालं असतं. तरी तो रोज खजुरीची पानं गोळा करून नेमाने काम करायचा, आणि वर्षअखेर गुहेत साठलेलं सगळं जाळून टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

उत्तररंगाला फार सुंदर आख्यान होईल, आणि एकदा मी ते लावणारही आहे. पण गाडीच्या कामी ते चालणार नाही. पॉलला पानांशी कर्तव्य नव्हतं, त्याला प्रार्थनेत मन टिकवायचं होतं आणि हात त्यासाठी राबत होते. म्हणून तो जाळू शकला. मला गाडीच हवी आहे. निष्काम होऊन तिचा पत्रा ठोकणं म्हणजे तिच्याबद्दल खोटं बोलणं होईल. शिवाय गीता जे टाकू नये म्हणते ते नियत कर्म, वाट्याला आलेलं. ही गाडी माझ्या वाट्याला आलेली नाही. मी पैसे मोजून, ट्रकवर घालून ती आणली आहे. तिला स्वधर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग गीतेत माझ्यासाठी काही आहे की नाही? आहे, पण लोक दाखवतात तिथे नाही. अठराव्या अध्यायात, सात ते नऊ श्लोकांत, भगवंतांनी त्यागाचेही तीन प्रकार केलेत. मोहाने टाकलं तर तामस. कष्ट होतात, अंगाला त्रास होतो म्हणून टाकलं तर राजस, आणि अशा त्यागाचं फळ पदरात पडत नाही. कर्म करत राहून आसक्ती तेवढी टाकली तर सात्त्विक. इथवर सगळे निरूपणकार येतात आणि थकलेल्याला दम देतात की बघा, कंटाळून सोडलंत तर त्याग नव्हे. कबूल. पण त्याच अध्यायात पुढे धृतीचेही तीन प्रकार आहेत, आणि पस्तिसाव्या श्लोकात तामस धृती येते. झोप, भय, शोक, विषाद आणि मद ह्यांना माणूस जिच्या जोरावर घट्ट धरून बसतो, ती. तिला धृतीच म्हटलंय, आळस म्हटलेलं नाही. म्हणजे न सोडण्यातही तमोगुण असू शकतो. विटांवर गाडी ठेवून, तिच्याकडे न जाता, आणि गिऱ्हाईक आलं की विकायची नाही म्हणून सांगून, मी जे काही धरून ठेवलं होतं ते दिसायला चिकाटीसारखंच होतं. बाहेरून बघणाऱ्याला त्यागही कळत नाही आणि चिकाटीही. रेटणारा सात्त्विक आणि सोडणारा तामस, अशी सोपी वाटणी त्या अध्यायात कुठेही नाही.

ह्यातून मला वाट आमच्या सौभाग्यवतींच्या सोळा सोमवारांनी दाखवली. व्रत कितीही कडक असो, ते किती दिवसांचं हे आधी ठरतं, आणि सतराव्या सोमवारी उद्यापन होतं. उद्यापन केल्याशिवाय व्रत पुरं होत नाही, आणि केल्यावर ते चालू ठेवायची सक्तीही उरत नाही. आपल्या बायाबापड्यांनी हे शास्त्र इतकं पक्कं सांभाळलं आहे की व्रताने कुणी करपून गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी गाडीचा संकल्प सोडला तो मात्र 'गाडी नवी करीन' असा. किती, कुठवर, काहीच नाही.

मुंबईतल्या हिच्या काळ्यापिवळ्या बहिणी ह्या बाबतीत सुखी. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि त्याच हिशेबाने २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. लोक हळहळले, फोटो काढले. मला मात्र हेवा वाटला. जिचा शेवटचा दिवस आधीच ठरलेला होता ती टॅक्सी मरगळ न येता धावली.

तेव्हा मी संकल्प तोडून लहान केले. पहिला ब्रेकचा. चारही चाकांचे ड्रम उतरवले, गंजून अडकलेले व्हील सिलिंडर डिझेलमध्ये भिजवून सोडवले, आत नवे रबर घातले. शेवटी हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. सौ. सीटवर, मी चाकापाशी आडवा, नळीचं टोक ऑइलच्या बरणीत. मी म्हणायचं "मार", ती तीनदा पॅडल मारायची. "धर", ती दाबून धरायची. मी निपल पाव आटा सैल करायचा, बरणीत बुडबुडे यायचे, निपल आवळायचं, "सोड". मधेच ती म्हणाली, "अहो, कीर्तनात पण असंच टाळ धरायला लावता." बुडबुडे थांबले आणि पॅडल दगडासारखं कडक झालं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे मनाच्या ओलाव्याची, जोड मागितली आहे. त्या संध्याकाळी ती होती. घरी शिरा झाला, देवापुढे ठेवला, ब्रेकचं उद्यापन झालं. त्यानंतर महिनाभर मी शेडमध्ये गेलो नाही, आणि त्याची टोचणीही लागली नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीला हे मान्य नाही. "बुवा, ब्रेक झालं, पन थांबवायला गाडी पळाय नको व्हय?" त्याचं खरं आहे. पत्र्याआधी ब्रेक हा क्रमच उलटा, आणि गाडी उभी राहिली तर ते रबर पुन्हा धरणार. पण मिस्त्री बारा तास काम करून थकत नाही ह्याचं कारण त्याला ठाऊक नाही. त्याच्या प्रत्येक कामाचं उद्यापन होतं. तो त्याला बिल म्हणतो.

ह्या चातुर्मासात डाव्या बाजूचा खालचा पत्रा घेतला आहे, आषाढीला धरला, कार्तिकीला सोडायचा. पावसात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो, म्हणून जेवढं वेल्ड करीन तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर, एवढाच नियम. कार्तिकीनंतर उजवी बाजू घेईनच असं नाही. एक गिऱ्हाईक अधूनमधून विचारून जातं. त्याला मी कार्तिकीनंतर यायला सांगितलं आहे, आणि किंमत अजून ठरवलेली नाही.