विसरण्याचा अपराध

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीची आदली संध्याकाळ होती. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याला मी बाजारातून तीन जिनसा आणायला पाठवले : उटणे, पणत्या आणि झेंडूची फुले. तासाभराने तो परतला, तेव्हा पिशवी रिकामीच होती.

"तुझे लक्ष असते तरी कुठे?" मी कडाडलो.

"मामा, तुम्ही सांगितलेले ऐकले होते. पण वाटेत ते राहिलेच नाही."

हे उत्तर मला शुद्ध उद्धटपणाचे वाटले. लहानपणी आगगाडीचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवणारा हा मुलगा तीन जिनसा विसरतो म्हणजे काय! मी आणखी चार शब्द सुनावले. पुढच्या शिमग्याच्या सुमारास त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले आणि डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : छिन्नमनस्कता.

या आजाराला 'स्किझोफ्रेनिया' हे नाव ब्लॉयलर या स्विस वैद्याने 1908 साली दिले. यात स्मरणशक्ती शाबूत राहते, अशी जुन्या पंडितांची समजूत होती. 1976 साली लंडनमध्ये बरीच वर्षे आजारी असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची यंत्राने चित्रे काढली, तेव्हा आतल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. पण हा आजाराचा परिणाम की इतक्या वर्षांच्या उपचारांचा? पुढे नुकत्याच आजारी पडलेल्या तरुणांची तपासणी झाली. आठवणी घडवण्याच्या कामी येणारा, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकँपस नावाचा भाग त्यांच्यातही सरासरीने थोडा लहान आढळला. ऐकलेली शब्दांची यादी ध्यानात ठेवणे त्यांना जड जाते, हेही दिसले. "मात्र ही सरासरी आहे," डॉक्टर म्हणाले, "एकट्याच्या मेंदूचे चित्र पाहून त्याचा आजार ओळखता येत नाही."

म्हणजे माझ्या भाच्याने मला अगदी खरे तेच सांगितले होते!

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. विसरणे हा अपराध केव्हा होतो? त्याच वर्षी एका जिवलग मित्राच्या पत्राला उत्तर द्यायचे मी विसरलो होतो. "कामाच्या गडबडीत राहून गेले," एवढे म्हणताच त्याने मला क्षमा केली. धडधाकट माणसाची सबब लोक हसतमुखाने स्वीकारतात. ज्याच्याजवळ खरेखुरे कारण होते, त्याच्या वाट्याला मात्र माझे चार शब्द आले.

पश्चात्तापाने मी दुसरे टोक गाठले. त्याला काही काम सांगायचेच नाही, असे ठरवले. हा माझा मोठेपणा मला फार आवडला होता. पण औषधांनी जरा सावरल्यावर एक दिवस तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मामा, रागावलात तरी चालेल, पण काम सांगा. चिठ्ठी मात्र लिहून द्या."

मी चपापलो. ज्याच्यावर आपण रागावतो, त्याला निदान माणूस तरी मानतो. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा ठेवीत नाही, त्याला आपण घरातल्या कपाटाशेजारी नेऊन बसवतो. दोष देणे अन्याय होता, हे मला कळले होते. जबाबदारी काढून घेणे हाही अन्यायच, हे त्याने मला शिकवले. आणि चिठ्ठी मागण्यात कमीपणा तो कसला? माझी आई पदराला गाठ मारून ठेवीत असे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर तरी दुसरे काय आहे? निव्वळ स्वतःच्या मेंदूच्या बळावर कर्तव्ये पार पाडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या दिवाळीत चिठ्ठी घेऊन तोच बाजारात गेला. पिशवी भरून आला. संध्याकाळी पणत्या मांडल्या, तेल घातले, आणि ध्यानात आले की वातीच नाहीत.

"मामा, चिठ्ठीत नव्हत्या," तो हळूच म्हणाला.

खरेच नव्हत्या. मीच लिहायला विसरलो होतो. मला कोणी रागावले नाही. आम्ही दोघे कापूस घेऊन वाती वळत बसलो.