माईक चालू असताना

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप. आजचा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. समोरच्याच्या मनात खळबळ माजवणार नाही, खरं असेल, ऐकायला प्रिय वाटेल आणि हिताचं असेल, असं बोलणं. शिवाय स्वाध्यायाचा अभ्यास. या सगळ्याला मिळून वाङ्मय तप म्हटलं आहे.

या श्लोकावर विचार करताना मला हटकून ऑनलाइन गेम आठवतात. काही वाचकांना हे विचित्र वाटेल. पण दिवसभर कोड लिहून झाल्यावर रात्री तासभर खेळणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि तुमच्या घरातही कानाला हेडफोन लावून बसलेलं कोणीतरी असेलच. तेव्हा ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारख्या गेममध्ये पाच विरुद्ध पाच असे खेळाडू असतात. आपल्या टीममधले बाकीचे चौघं बहुतेक वेळा पूर्ण अनोळखी असतात. कॉम्प्युटरने जुळवून दिलेले. जी टीम आधी १३ राउंड जिंकेल ती जिंकली. एखाद्या राउंडमध्ये तुम्ही मेलात, की तो राउंड संपेपर्यंत तुम्हाला फक्त बघत बसायचं असतं. हातात काही नाही, पण माईक मात्र चालू. तुमचा आवाज जिवंत असलेल्या सोबत्यांच्या कानात जात राहतो.

आता कल्पना करा. चौघं मेलेत, एक उरलाय. समोर शत्रूचे दोन जण. त्या उरलेल्याला फक्त पावलांचा आवाज ऐकायचा आहे, त्यावरून कोण कुठून येतंय ते त्याला कळणार. आणि नेमके त्याच वेळी त्याच्या कानात चार जण ओरडतायत. “अरे मागे बघ! काय करतोय हा! कुठून येतात असले लोक!” तो मरतो. मग आईबहिणीवरून सुरू होतं. हे सगळं ऐकवलं कोणाला जातं, तर आपल्याच माणसाला, कारण खेळ चालू असताना हा आवाज आपल्याच टीमला ऐकू जातो. ज्याच्या जिंकण्यात आपलं जिंकणं आहे, त्यालाच आपण मोडून काढतो.

माझी एक मामेबहीण कॉलेजात आहे. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळते. पण माईक कधीच लावत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “दादा, माईक लावला की आधी माझ्या आवाजावर बोलतात, मग गेमवर.” शत्रू कुठे आहे हे तिला दिसलेलं असतं, पण ती गप्प राहते आणि टीम हरते. अशा किती मुली गप्प बसून खेळत असतील! गीता म्हणते तो उद्वेग कसा असतो, ते तिच्या या गप्प बसण्यात मला दिसतं.

यावर दोन उत्तरं नेहमी मिळतात. दोन्ही नीट तपासून बघण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर, “गेम आहे यार, मनावर कशाला घेतो?” पण हेच वाक्य हरताना का आठवत नाही? हा नुसता गेम असेल, तर हरल्यावर इतका संताप यायचं कारण नाही. आणि हरणं इतकं खरं वाटत असेल की त्यापायी एखाद्याला शिवी द्यावी, तर ती शिवीही तितकीच खरी. स्वतःचं दुःख खरं आणि दुसऱ्याचं दुःख मात्र खेळातलं, असा हिशोब मांडता येणार नाही. तिकडे कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस काही गेमचा भाग नाही. परीक्षेत नापास झालेला पोरगा असेल, नाहीतर दिवसभराची ड्यूटी करून आलेला एखादा बाप असेल.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे. “मी खोटं काय बोललो? तो वाईटच खेळला.” इथे श्लोकाची रचना कामी येते. भगवंतांनी सत्य ही एकटी अट ठेवलेली नाही. उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हितकर, या सगळ्या अटी एका वेळी पाळायच्या आहेत. एक पूर्ण केली म्हणून बाकीच्या माफ होत नाहीत. उलट बाजूनेही तेच. नुसतं गोड बोलायचं आणि खरं लपवायचं, हेही तप होत नाही.

मग असं बोलणं शक्य तरी आहे का? गंमत म्हणजे चांगले खेळाडू ते रोज करतात. मरता मरता ते शांतपणे सांगतात, “डावीकडे दोघं, एक जखमी. छान प्रयत्न, पुढचा राउंड आपला.” आणि माईक बंद. खरं आहे, उपयोगी आहे, ऐकणारा गडबडत नाही. ऑफिसमध्ये मध्यरात्री सर्व्हर बंद पडतो तेव्हाही हेच दिसतं. ज्याच्या बोलण्याने त्या कॉलवरचे सगळे शांत होतात, त्याच्यामुळेच सर्व्हर लवकर सुरू होतो.

आता माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, नियम बदला, माणसं बदलतील. त्यात तथ्य आहे. २०१२ साली ‘जर्नी’ नावाचा गेम आला. त्यात प्रवासात एखादा अनोळखी सोबती भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलताही येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. गेम तयार होत असताना खेळाडू एकमेकांना ढकलू शकत होते, आणि ढकलतही होते. मग बनवणाऱ्यांनी ढकलण्याची सोयच काढून टाकली आणि जवळ आलं की दोघांनाही शक्ती मिळेल असं केलं. मग लोक एकमेकांसाठी थांबू लागले.

लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सच्या संशोधकांनीही एक गोष्ट मांडली होती. गेममधलं बहुतेक वाईट बोलणं मोजक्या सराईत लोकांकडून येत नाही. ते एरवी ठीक वागणाऱ्या, पण त्या दिवशी बिनसलेल्या खेळाडूंकडून येतं. म्हणजे ‘ते लोक’ असा वेगळा गट काढून टाकला की प्रश्न सुटेल, असं नाही.

म्हणून तक्रार करायचं बटण हवं, म्यूट हवं, बंदीही हवी. माझ्या बहिणीला आजच्या आज संरक्षण हवं आहे, आणि लोक सुधारेपर्यंत तिने थांबावं हे म्हणणं अन्यायाचं आहे. पण नियमाने तोंड बंद करता येतं, वाणीचं तप त्याने घडत नाही. ज्याला शिवी देण्याची सोयच नाही, त्याने शिवी दिली नाही यात त्याने काय कमावलं? माईक चालू आहे, नाव कोणाला माहीत नाही, शिक्षा होण्याची शक्यता कमी आहे आणि समोरच्याने खरोखर चूक केली आहे. तप घडायचं तर इथेच घडेल.

आणि इथे श्लोकातला शेवटचा भाग उलगडतो. बोलण्याच्या तपात स्वाध्याय कशाला घातला, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. आता असं वाटतं की राग येतो त्या क्षणी विचार करायला वेळच नसतो. अर्ध्या सेकंदात जिभेवर जे येतं ते सवयीचं असतं. दिवसभर जिभेला जे वळण लावलं, तेच रात्री माईकवर बाहेर पडतं. म्हणून रोजचा पाठ. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना माउली अशा माणसाचं वर्णन करतात, की त्याचा स्नेह आधी पोहोचतो आणि शब्द मागून येतात. एवढं आपल्याला लगेच कुठून जमणार! पण शब्दाच्या आधी एक श्वास जाऊ देणं जमू शकतं.

आजचा अभ्यास साधाच आहे. गेम असो, ऑफिसचा कॉल असो की घरातला फॅमिली ग्रुप, कोणी चुकलं की बोलण्याआधी एवढंच बघायचं, की या वाक्याने त्याला पुढचा राउंड नीट खेळता येईल का? येणार असेल तर जरूर बोला.

राम कृष्ण हरी!